मी पास केलेली कुत्री

ही गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. लग्नघरी जेवणं आटोपल्यावर, सोसायटीच्या ओट्यावर, एकदा तर एका मयतीहून परतताना टेम्पोत बसून. एका लूम कारखान्यात ठिपक्यांच्या कुत्रीची पिल्लं एकामागून एक मरत होती, शेठला कारण कळत नव्हतं, आणि मी नुसती एक स्टीलची थाळी जमिनीवर टाकून ते शोधून काढलं, अशी ती गोष्ट. थाळी पडते त्या ठिकाणी मी जरा थांबतो, हात मोकळा सोडून दाखवतो, आणि माणसं हसतात. आमचे जावई पाहुण्यांसमोर मुद्दाम आग्रह धरतात, "मामा, ती थाळीची होऊ द्या."

त्या गोष्टीत खोटं वाक्य एकही नाही. म्हणून तर ती इतकी वर्षं चालली. तिच्यातून मी काय काय गाळत आलो ते आता लिहून ठेवतो. ऐकून हसलेल्यांपैकी बरेच जण गेले. जिच्यावर ते हसले ती बाई हयात आहे की नाही, मला ठाऊक नाही.

माझे वडील खानदेशात गुरांच्या बाजारात दलाली करत. बैल कसा पाहायचा हे मी चालायला लागल्यापासून बघत आलो. दात पाहायचे, खूर पाहायचे, मांडीवर थाप मारून कातडी कशी थरथरते ते पाहायचं. हे झालं अंगाचं. स्वभावाची परीक्षा वेगळी. बैल दावणीला शांत उभा असताना मागून जाऊन रिकाम्या डब्यावर काठी हाणायची. जो उसळला, दावं तोडायला लागला, तो बुजरा. बुजऱ्या बैलाला गाडीला जुंपत नाहीत आणि त्याला चांगलं गिऱ्हाईकही मिळत नाही. जो मान न हलवता रवंथ करत राहिला तो खरा बैल. वडिलांचा या एका परीक्षेवर पूर्ण भरवसा होता, आणि त्यांच्यामुळे माझाही.

पुढे मी सुरतेला आलो आणि लिंबायतच्या पलीकडे एका लूम कारखान्यात मेहताजी म्हणून लागलो. हजेरी, सुताची आवक, कापडाचे किती ताके निघाले त्याची नोंद, असं माझं काम. कारागीर बहुतेक आमच्याकडचेच, धुळे-जळगावचे. शेठ गुजराती, मोकळाढाकळा, हसरा माणूस. त्याला कुत्र्यांचा नाद होता. त्या काळात कापड बाजारातल्या बऱ्याच शेठ लोकांना तो लागला होता. कोणाच्या फार्महाऊसवर कोणती जात आहे यावर त्यांच्या गप्पा रंगत. दिवाळीला मोठ्या व्यापाऱ्याला मिठाईच्या खोक्याबरोबर एखादं जातीचं पिल्लू पाठवलं की पुढचं वर्षभर त्याचा माल आपल्याकडून जातो, असं आमच्या शेठचं म्हणणं.

एकदा एक माणूस कारखान्यात अल्सेशियन विकायला घेऊन आला आणि दोन वर्षांचा आहे म्हणाला. मी सहज त्याचं तोंड उघडून पाहिलं. पुढचे दात झिजून सपाट झाले होते. मी म्हणालो, हा तर म्हातारा आहे. विकणाऱ्याचा चेहराच सांगून गेला. शेठला इतका आनंद झाला की त्याने सगळ्या कारखान्याला चहा पाजला. तेव्हापासून कोणतंही जनावर घ्यायचं, त्याच्यापासून पिल्लं काढायची, तर आधी मेहताजींना दाखवा, असं होऊन बसलं. शेठचे मित्रही गाडी पाठवून मला बोलवू लागले. मी सोफ्यावर बसायचो, समोर सुका मेवा असायचा, आणि माझ्याहून शंभरपट श्रीमंत माणसं मी तोंड उघडायची वाट पाहत असायची. घरी माझं कोणी फारसं ऐकत नसे. त्यामुळे हे मला गोड लागलं.

मी पद्धत बसवली. आधी अंग. हिरड्यांचा रंग, डोळ्यांतलं पाणी, कानात बोट घालून वास घ्यायचा, पोट दाबून पाहायचं, मादी असेल तर सगळे आचळ नीट आहेत का ते बोटांनी चाचपायचं, आणि मग पळवून मागच्या पायांची चाल पाहायची. त्यानंतर स्वभाव. खात असताना समोरचं भांडं ओढून घ्यायचं. पुढच्या पंज्यावर बूट ठेवून हळूहळू भार द्यायचा आणि चावायला येते का ते पाहायचं. सगळ्यात शेवटी आवाज. कुत्रं निवांत बसलं की मागून पत्र्याचा डबा, थाळी, कधी फटाका. बुजलं की नापास. आई बुजरी असेल तर पिल्लं बुजरी होतात, हे मी ठासून सांगत असे. हे कुठून आणलं? बैलांवरून.

हे सगळं बघायला माणसं जमत. मला ते आवडत असे, हेही लिहायला हवं. एका पांढऱ्या पॉमेरियन मादीच्या मागे मी डबा आपटला तेव्हा तिने उभ्या जागी मुतून टाकलं आणि ती शेठच्या पायात शिरली. लोक पोट धरून हसले. शेठ वाकून तिच्याकडे बघत गुजरातीत म्हणाला, "मेहताजी, पास के नापास?" मी नापास म्हणालो. नापास म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. शेठचा ड्रायव्हर तिला गाडीत घालून हजीऱ्याच्या रस्त्याला सोडून आला. तिथे ट्रक आणि टँकर सारखे धावतात. ड्रायव्हर परत आल्यावर सीटवरचे तिचे केस झटकताना मला म्हणाला, "बहुत दूर तक पीछे दौड़ी, मेहताजी।" मी हजेरी लिहीत होतो, लिहीत राहिलो.

मग ती ठिपक्यांची कुत्री आली. बडोद्याहून आणली होती. डालमेशियन म्हणतात त्या जातीची, अंगाने सडपातळ, पांढरीशुभ्र आणि वर काळे ठिपके, जणू कोणी शाईचं पेन झटकलं असावं. एक डोळा काळा आणि एक निळा. निळ्या डोळ्यावर शेठ जाम खूष होता. तिच्यापासून पिल्लं काढायची आणि कोणाकोणाला द्यायची हे ती गाडीतून उतरायच्या आधीच ठरलं होतं. शब्द देऊन झाले होते. त्या दिवशी मुंबईचा एक मोठा व्यापारी पाहुणा आला होता, म्हणून शेठला परीक्षा कारखान्यातच हवी होती, लूमच्या मधोमध.

अंग मी बारकाईने पाहिलं. दोष काढायला जागा नव्हती. कान उलटून पाहिले, वास घेतला, एकदम साफ. भांडं ओढलं तर माझ्याकडे बघत बसली. पंज्यावर भार दिला तर केकाटली, पण चावायला आली नाही, उलट माझा हात चाटला. मग शेठच्या डोक्यात आलं की डबा-बिबा नको, सगळे लूम एकदम चालू करा. जेवणाची सुट्टी होती, सगळी मशिनं बंद होती. कारागीर आपापल्या लूमपाशी उभे राहिले, शेठने हात खाली केला आणि सगळ्यांनी एकदम बटणं दाबली. ज्याने लूमचा कारखाना ऐकलेला नाही त्याला तो आवाज सांगून कळणार नाही. पाहुण्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. कुत्रीने एकदा जमिनीकडे पाहिलं, फरशी हुंगली आणि ती खाली बसली. मी तिच्या मागे जाऊन लोखंडी दांडा पत्र्याच्या पेटीवर घातला. तिने जांभई दिली.

कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. मला वडिलांची आठवण झाली. त्यांनी उभ्या आयुष्यात असं जनावर पाहिलं नसेल असं वाटलं. बाहेर आल्यावर मी पाहुण्यासमोर शेठला सांगितलं की हिच्यात खोट नाही, स्वभाव दगडासारखा आहे. शेठने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात किती वेळ होता हेसुद्धा मला आठवतं.

कुत्रीला ठेवायची कुठे हा प्रश्न होता. शेठच्या बंगल्यात बायका नको म्हणत होत्या. कारखान्याच्या मागे एक खोली होती. तिथे आमच्याकडचीच एक विधवा बाई राहायची. तिचा नवरा याच कारखान्यात लूम चालवायचा, त्या नात्याने खोली मिळालेली. तो गेल्यावर बाई कांड्या भरायचं काम करत होती, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या. पण खोली कारागिराची असते, कांड्या भरणारीची नसते. शेठला ती जागा हवी होती, तिथे आणखी लूम बसवायचे होते. आज खाली कर, उद्या खाली कर, असं चाललं होतं. आता शेठने तिला सांगितलं की कुत्री सांभाळ, पिल्लं जगव, तोवर आणि पुढेही खोली तुझी. पिल्लं गेली तर तूही जा. हे त्याने हसत हसत सांगितलं, पण तो बोलला तसं करणारा माणूस होता. बाईने कुत्री दाराशी बांधून घेतली.

आमच्या कारखान्यात तोंडाने फारसं कोणी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. सूत तुटलं, पाणी आण, मालक आला, चहा सांग, सगळं हातांनी आणि ओठांनी. वर्षानुवर्षं लूमवर काढलेली माणसं घरीसुद्धा तशीच बोलतात. बाई कुत्रीशीही तसंच बोलायची. हात खाली केला की कुत्री बसायची, बोट फिरवलं की यायची. तिला हाक मारताना मी कोणालाच ऐकलं नाही, आणि त्यात वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. एकदा ड्रायव्हरने झोपलेल्या कुत्रीच्या पाठीवर मागून हात ठेवला तर ती वळून त्याच्या मनगटाला चावली. मी म्हणालो, झोपेतलं जनावर उठवू नये एवढी अक्कल नाही का तुला. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार असायचं.

नर आणून भरवली, दिवस गेले. बाईने तिला आपल्या ताटातली बाजरीची भाकरी दुधात कुस्करून घातली, गूळ घातला, पोट मोठं झाल्यावर आपली गोधडी घातली. पिल्लं झाली तेव्हा ती सगळी पांढरी निघाली. अंगावर एकही ठिपका नाही. शेठने येऊन पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाईला म्हणाला, गल्लीतल्या कोणत्या कुत्र्याला आत घेतलंस? मग कारागिरांकडे वळून आणखी एक घाणेरडी गोष्ट बोलला, बाईबद्दल. लोक हसले. ती त्याच्या ओठांकडे बघत उभी होती, म्हणजे तिला सगळं समजलं होतं. शेठने माझ्याकडे पाहिलं. मला त्या जातीची काहीच माहिती नव्हती. मी ठोकून दिलं की ठिपके मागाहून येतात. आठवडा-दीड आठवडा गेला आणि पिल्लांच्या कातडीवर खरोखरच फिकट डाग उमटू लागले. त्यानंतर कारखान्यात माझ्या शब्दाला काय वजन आलं म्हणून सांगू. फेकलेला दगड नेमका आंब्याला लागावा तसं झालं होतं, पण ते मी एकटाच जाणत होतो.

तोवर एक पिल्लू मेलं होतं. कुत्रीच्या अंगाखाली चपटं होऊन मिळालं. होतं असं, म्हणून सोडून दिलं. मग दुसरं तसंच. मग तिसरं. बाई रोज सकाळी काढून दाखवायची. कारागीर म्हणू लागले की कुत्री डाकीण आहे, स्वतःच मारते. शेठ म्हणाला, डाकीण कुत्री नाही, ती बाई आहे, रात्री घोरत पडते. बाई मला म्हणाली, "भाऊ, मी तठेच झोपस, तिना पायजोगे." भाऊ, मी तिथेच झोपते, तिच्या पायाशी. ती खरंच तिथेच झोपत होती. मी कुत्रीला पुन्हा तपासलं. दूध भरपूर, ताप नाही, पिल्लांना चाटते, जवळ घेते. मी म्हणालो, कुत्रीत काही नाही.

आठवड्यातून एक दिवस आमच्या भागातली कारखान्यांची वीज बंद ठेवत. त्या दिवशी लूम थांबायचे, कारागीर घरी जायचे. अशाच एका सकाळी मी हिशेबाला आलो होतो. सगळीकडे शांतता. मागच्या बाजूने एक आवाज येत होता, बारीक, चिरका, थांबत नव्हता. अंगणातसुद्धा ऐकू येत होता. मी खोलीपाशी गेलो. दार उघडं होतं.

कुत्री कुशीवर झोपली होती आणि एक पिल्लू कमरेपासून तिच्या पाठीखाली दबलं होतं. बाहेर होतं तेवढं तोंड उघडून ते ओरडत होतं. कुत्रीचा कान हलत नव्हता. हातभर अंतरावर बाई दाराकडे पाठ करून बसली होती. ती तांदूळ निवडत होती. खडा सापडला की तो बाजूला ठेवायची. पिल्लू ओरडत होतं आणि ती खडे बाजूला ठेवत होती.

मी पिल्लू ओढून काढलं. त्याचे मागचे पाय लोंबत होते. दोन-तीनदा तोंड उघडून ते माझ्या हातातच गेलं, मी ते खाली ठेवलं. कुत्री माझ्या हाताच्या स्पर्शाने दचकून उठली, मला ओळखून शेपटी हलवून पुन्हा आडवी झाली. मी तिच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. तिचे डोळे मिटू लागले. त्या क्षणी मला कळलं की मी ज्याला दगडासारखा स्वभाव म्हणालो तो काय होता. जन्मापासून बहिरी. पुढे एका जनावरांच्या डॉक्टरांकडून समजलं की या जातीत हे नेहमी आढळतं, निळ्या डोळ्याच्या कुत्र्यांत तर जास्तच, आणि अशी मादी पिल्लांसाठी वापरूच नये. ते तेव्हा माहीत नव्हतं. पण ती ऐकत नाही एवढं समजायला डॉक्टर लागत नव्हता. मुंबईच्या पाहुण्यासमोर दहा-बारा लोकांना ते समजायला हवं होतं, आणि सगळ्यांत आधी मला.

मग मी बाईच्या मागे गेलो आणि तिच्या डोक्यामागेही टाळी वाजवली.

तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला.

माझी सावली सुपात पडली असावी, म्हणून ती वळली. माझे हात अजून जुळलेले होते. एका हातातून मेलेलं पिल्लू मी नुकतंच खाली ठेवलं होतं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आणि तिला समजलं. तिला कमी ऐकू येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, लूमवाल्या कोणालाच धड ऐकू येत नाही. पण तिला काहीच ऐकू येत नव्हतं आणि हे तिने ओठ वाचून वाचून लपवलं होतं.

"शेठले सांगू नका, भाऊ," ती म्हणाली. "मनी खोली जाई." माझी खोली जाईल.

मी मान डोलावली. नाही सांगणार, असं हातानेही दाखवलं. तेव्हा माझ्या मनात तसंच होतं, असं मला वाटतं. पण मनात काय होतं याचा पुरावा नाही.

दुपारी शेठ आला. ड्रायव्हर आणि घरी न गेलेले चार-पाच कारागीर होते. चौथं पिल्लू मेलेलं पाहून शेठचं हसणं पहिल्यांदाच बंद झालं. दिलेले शब्द आणि उरलेली पिल्लं यांचा मेळ बसत नव्हता. त्याने मला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच विचारलं. खोट कुणात आहे, कुत्रीत की बाईत? तुम्ही पास केली होती, आता तुम्हीच सांगा.

कुत्रीत म्हणालो तर ती हजीऱ्याच्या रस्त्याला जाईल आणि मी पुन्हा नुसता हजेरी लिहिणारा होईन. इतकंच माझ्या डोळ्यांसमोर आलं. तो सोफा, पाठीवरचा हात, सगळं जाणार. मी म्हणालो, "बाईला ऐकू येत नाही. अजिबात."

शेठचा विश्वास बसेना. मी बोलतो ते सगळं तिला समजतं, तो म्हणाला. मी म्हणालो, समोरून. मग त्याच्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली, परीक्षा बघायची. तो म्हणाला, दाखवा.

बाई खोलीच्या दारात खाली बसून कुत्रीला भाकरी चारत होती, आमच्याकडे पाठ. मी अंगणात घासून ठेवलेली तिचीच थाळी उचलली, तिच्या मागे उभा राहिलो आणि डोक्याइतक्या उंचीवरून ती फरशीवर सोडली. वर पत्र्याखाली बसलेली कबुतरं उडाली. ड्रायव्हरच्या हातातला चहा सांडला. पिल्लांतली दोन दचकून केकाटली, बाकीची चुळबूळही न करता दूध पीत राहिली. थाळी गोल गोल फिरत बराच वेळ वाजत होती. बाईने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. कुत्रीने तो खाल्ला.

लोक हसायला लागले. शेठ तर भिंतीला टेकला. "नापास," तो म्हणाला, "बाई नापास." ड्रायव्हरने तेच पुन्हा म्हणून दाखवलं. गोष्ट सांगताना मी इथेच थांबतो, आणि इथेच हसू येतं. त्या अंगणात थाळीपासून बाई जितकी लांब होती तितकीच कुत्री होती. कुत्रीनेही मान वळवली नव्हती. एकाही माणसाने तिच्याकडे पाहिलं नाही, कारण ती पास झालेली होती.

बाईला संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितलं. सामान ते काय, एक ट्रंक, भांडी आणि गोधड्या. कुत्रीखालची गोधडी तिने काढली नाही. जाण्याआधी ती माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं शिव्या देईल. मी त्याची तयारी केली होती, उत्तरही ठरवलं होतं, की मी खोटं काय बोललो.

तिला आपला आवाज केवढा आहे हे समजत नसे, म्हणून ती फार मोठ्याने बोलली. "भाऊ, मनामागे थाळी पाडी. तिनामागे का नही पाडी?" माझ्यामागे थाळी पाडलीत, तिच्यामागे का नाही पाडली?

म्हणजे कुत्रीचं तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, हे मी विचारलं नाही. तिने तरी का सांगितलं नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. सांगून काय झालं असतं? कुत्री गेली असती, कुत्रीबरोबर खोली गेली असती. दोघी एकाच दोरीने बांधलेल्या होत्या. शेठ निघून गेला होता. ड्रायव्हर गाडी पुसत होता, त्याला वाटलं तिचं डोकं फिरलं. मी मान खाली घातली आणि लिहू लागलो. माझे ओठ दिसले नाहीत की तिच्यासाठी मी तिथे नव्हतोच. मी वर पाहिलं तेव्हा टेबलासमोर कोणी नव्हतं.

ती गोडादऱ्याला एका नात्यातल्या माणसाकडे गेल्याचं कारागिरांकडून समजलं. चालत जाण्याच्या अंतरावर. मी गेलो नाही.

उरलेली पिल्लं मोठी झाली आणि ज्यांना शब्द दिले होते त्यांच्यापैकी काहींना गेली. वर्षभरात तक्रारी आल्या, हाक मारली तर येत नाही, आडमुठं आहे. मी सांगायचो, लूमच्या आवाजात वाढलेली पिल्लं आहेत, मारून शिकवा. त्यांनी मारून शिकवलं असणार. त्यांतलं एक ट्रकखाली गेल्याचं ऐकलं.

कुत्री पुन्हा भरवली. माझ्या शब्दावरच. तिच्याकडे बघायला आता दिवसभरासाठी एक नवी बाई येत होती, खोलीत कोणी राहत नव्हतं. ही बाई नुकतीच गावाकडून आलेली, लूमवर न बसलेली, तोंडाची फटकळ. वीजबंदीच्या दिवशी शेठ आणि मी मागे गेलो तर ती शेठसमोरच म्हणाली, "अहो शेठ, ही कुत्री ठार बहिरी आहे. केव्हाची बोंबलतेय मी."

शेठने कुत्रीच्या मागे जाऊन टाळी वाजवली. मग शिट्टी. मग बुटाने पत्रा ठोकला. कुत्री दुसरीकडे बघत अंग खाजवत होती. मी वाट पाहत होतो. शेठ माझ्याकडे वळला आणि हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला. म्हणाला, मेहताजी, आपल्या कारखान्यात माणसं बहिरी आणि कुत्रंही बहिरं, बरोबर जागा पाहून आली. मग नव्या बाईला त्याने सांगितलं की या वेळी पिल्लं झाली की पाटीत घालून बाजूला ठेवत जा, दूध पाजायच्या वेळेला तेवढी आईकडे दे. झालं. एवढाच त्यावर उपाय होता. तुम्ही हिला पास कशी केलीत, असं त्याने मला त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही. त्याच्या लेखी ती गोष्ट इतकी मोठी नव्हतीच. ठिपके येत होते ना.

ज्याला मी घाबरलो होतो ते कुठे नव्हतंच. मी कुत्री बहिरी आहे म्हणालो असतो तर तो तेव्हाही असाच हसला असता.

खोलीचं दार आमच्या समोर होतं, उघडं. आत कोणी नव्हतं, चूल तशीच होती. शेठ चांगल्या मूडमध्ये होता. त्या घडीला मी काहीही मागितलं असतं तरी त्याने हो म्हटलं असतं, हे मी त्याच्याकडे इतकी वर्षं काम करून ओळखून होतो. त्या बाईची चूक नव्हती, तिला परत बोलवू, एवढंच बोलायचं होतं. गोडादऱ्याहून ती तासाभरात आली असती. पण ती आली असती म्हणजे रोज दिसली असती. तिच्या त्या मोठ्या आवाजात तिने तो प्रश्न पुन्हा विचारला असता, आणि आता तो ऐकून कोणाला तिचं डोकं फिरलं असं वाटलं नसतं.

शेठने विचारलं, "बोला, बीजुं कंई?" म्हणजे आणखी काही आहे का.

मी म्हणालो, सूत उद्या येतंय.

पावसाळा संपल्यावर त्या खोलीची मधली भिंत पाडली आणि तिथे नवे लूम बसवले. पाया ओतायचा दिवस मीच पंचांग पाहून काढून दिला होता.